सात नंबरचा लूम आणि चिंधूमामाचा भूकंप

चिंधूमामा लूम पायाने ओळखायचा. हातात पाना घ्यायच्या आधी चप्पल काढायची, लूमशेजारी अनवाणी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं. बाकीचे जॉबर, म्हणजे लूमचे मिस्त्री, अर्धा तास खटपट करून जिथे पोचायचे तिथे हा दोन मिनिटांत पोचायचा. एखादा नवा कारागीर हसला तर मामा त्याला ऐकवायचा, "डोळं फसतान. पाय न्हाय फसत."

वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यातून तो सतराव्या वर्षी भिवंडीत आला. कांड्या, म्हणजे सुताच्या बारीक नळ्या, भरता भरता जॉबर झाला आणि चाळीस वर्षं निजामपुऱ्यात लूमच्या पोटात हात घालून बसला. मग गुडघा गेला आणि ड्युटी थांबली. राहायला मात्र तो कारखान्याच्या डोक्यावरच. आमची इमारतच तशी आहे. तळाला चोवीस लूम, वर सहा खोल्या, खोल्यांत सहा कुटुंबं, त्यातलं एक माझं. लूम चालू असले की ताटातलं वरण आपोआप ढवळलं जातं. पाहुणे घाबरतात. आम्ही त्यांना सांगतो, ग्लास हातात धरा, बाकी काही होत नाही.

मामाची खोली बरोबर सात नंबरच्या लूमवर. जेवताना घास तोंडाशी थांबवून तो म्हणायचा, "सातवा लंगडतंय." तीन वर्षं म्हणत होता. पायाखालची पाचर सरकली आहे, बोल्ट ढिले झालेत, नवा पाया भरा. मालक केसरीनाथ शेठ कशेळीला राहतो. तिथे त्याची गोडाऊनं. त्याला सातव्या लूमच्या पायाकडे बघायला सवड कुठली? शेवटी मामाच्या खोलीच्या मागच्या भिंतीला भेग गेली. आधी केसाएवढी. मग काडेपेटीची काडी मावेल एवढी. मग मामाची सून रुचिका त्यात पेन ठेवायला लागली.

अशा ठिकाणी गप्प बसायला मला आईने शिकवलं नाही. आम्ही भाडेकरू समिती काढली. अध्यक्ष मी आणि सचिवही मीच, कारण दुसरं कुणी लिहायला बसलं की 'नम्र विनंती' लिहितं. मी 'कळवण्यात येते' लिहिते. शेठला पत्रं, मग महापालिकेच्या ऑफिसला पत्रं. अखेर इंजिनिअर पाहणीला येणार अशी तारीख हातात आली. मालकाने लूमचा पाया आणि आमची भिंत दोन्ही दुरुस्त करावं, एवढंच आमचं मागणं.

आणि तारखेला आठच दिवस असताना मामाने भूकंप केला.

त्याआधी त्या गेमचं सांगायला हवं. गुडघा गेल्यावरही मामा दिवसातून सहा वेळा जिना उतरायचा आणि नव्या जॉबरला शिव्या घालून वर यायचा. गुडघा बरा होईना आणि नवा जॉबर काम सोडायला निघाला. रुचिका शाळेत विज्ञान शिकवते, डोक्याने तल्लख. सासरा एका जागी बसावा म्हणून तिने त्याच्या फोनवर एक गेम टाकला. आपल्या दोघांची जोडी, समोर दुसरी जोडी, प्रत्येकाकडे एकेक अक्राळविक्राळ जनावर. मामाच्या वाट्याला गेंड्यासारखं, पाठीवर दगड उगवलेलं जनावर आलं. त्याला चार डाव. त्यातला एक भूकंप. बाकीचे तीन मामाने आजवर उघडून बघितलेले नाहीत.

भूकंपाचा डाव असा की जनावर पाय आपटतं, स्क्रीनवरची जमीन फाटते आणि जमिनीवर जो उभा असेल त्याला फटका बसतो. अगदी आपल्या जोडीदारालासुद्धा. हवेत उडणारा तेवढा वाचतो.

रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर रुचिका त्याच्याबरोबर खेळायची आणि भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचं.

"बाबा! परत माझं कासव मारलंत!"

"मंग तू जमिनीवर कशाला हुबी ऱ्हातंस?"

"कासव आहे ते. कुठे उभं राहणार?"

"पाखरू घे."

"सहा दिवस वाढवलं होतं मी त्याला!"

"भूकंपाला काय कळतंय, कासव कुनाचा हाय ता?"

शेजारची गुणाबाई दोनदा भांडण सोडवायला आत गेली. सासरा सुनेला मारतो असं तिला वाटलं. आत बघते तर दोघं एकाच बशीतले शेंगदाणे खात बसलेली.

रुचिका मास्तरीण ती मास्तरीणच. खरा भूकंप असा नसतो, हे तिने सासऱ्याला शिकवायला घेतलं. जमिनीच्या आत खडक एकमेकांना रेटत असतात. वर्षानुवर्षं अडकून बसतात आणि एक दिवस सटकतात. मग लाटा निघतात. पहिली लाट ढकलत येते, ती जोरात पळते. दुसरी आडवं हलवत येते, मागाहून. नुकसान जास्त करून ती दुसरीच करते.

मामाने जरा वेळ डोळे मिटले. "म्हंजे आधी धोट्याचा दनका, मंग फनीचा धक्का."

लूममध्ये आधी सुताचा धोटा पळतो, मग मागून फणी येऊन धागा ठोकते. रुचिका विचारात पडली. "हो... जवळपास तसंच." दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हेच उदाहरण दिलं, आणि कारखान्यांच्या गल्लीतल्या पोरांना ते पुस्तकापेक्षा लवकर कळलं म्हणे.

"आनि मानूस हवेत लटाकला तर?" मामाने विचारलं.

"खऱ्यात हवेत लटकायची सोय नाही, बाबा."

"गेममदी हाय."

तीनचा भूकंप आणि चारचा भूकंप यांच्या ताकदीत बत्तीस पटीचा फरक असतो, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. "तीनच्या म्होरं चार. यात बत्तीस कुठून आला? ही मोजपट्टी कुना शेठनं बनवली?"

तर तो मंगळवार. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. माझा चहा गॅसवर होता म्हणून मला वेळ पाठ आहे. मामाच्या खोलीतून आरोळी आली, "भूकंप! भायेर व्हा! भूकंप!" आणि गुडघा गेलेला तो माणूस जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेला. कारखान्यात शिरून त्याने स्वतः बटणं दाबायला सुरुवात केली. चोवीस लूम बंद. कारागीर बाहेर, आम्ही बायका बाहेर, गुणाबाई पिठाच्या हातांनी बाहेर. समोरच्या कारखान्याने आम्हाला बघून त्यांचे लूम बंद केले, त्यांना बघून पलीकडच्याने. गल्लीत एवढी शांतता झाली की कुठल्या तरी घरातला नळ टपकताना ऐकू आला.

जमीन जागच्या जागी.

"चाचा, किधर है भूकंप?" एका कारागिराने विचारलं.

"आला आनि ग्येला. चोवीसातल्या एकाबी लूमचा नव्हता तो हादरा. माजं पाय हायेत ना!"

लोक हसत पांगले. मामाचा चेहरा एवढासा झाला. पण संध्याकाळी टीव्हीवर खालच्या पट्टीत बातमी धावली. उत्तरेकडे, नव्वद किलोमीटरवर, दुपारी भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता तीन पूर्णांक दोन. झालं! गल्लीने मामाला डोक्यावर घेतलं. जे हसले होते तेच पाया पडायला आले आणि खरोखरच पाय बघून गेले. पाड्यातून त्याच्या धाकट्या भावाचा, नामाचा फोन आला. देवळात सत्कार ठेवलाय, शाल सांगितलीय, नारळ आणलाय.

मग मी फ्लेक्स छापला. 'भूमातेची नाडी जाणणारे, भिवंडीचे भूषण, आदरणीय चिंधूमामा यांचे हार्दिक अभिनंदन! मंगळवारच्या भूकंपाची सूचना देऊन शेकडोंचे प्राण वाचवले!' वर मामा हात जोडून. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो. तो मामाच्या फोटोपेक्षा जरा मोठा आला, ती छापणाऱ्याची चूक.

शुक्रवारी केसरीनाथ शेठ गाडीतून उतरला. फ्लेक्ससमोर उभा राहिला. फोनवर त्याचा फोटो काढला, मग जवळ जाऊन नुसत्या अक्षरांचा काढला. वर येऊन मामाला वाकून नमस्कार केला.

"मामा, तुमी तं शास्त्रज्ञ निघाले!" मग माझ्याकडे वळला. "ताय, फ्लेक्स तुमीच छापलाय ना हो?"

"मीच छापलाय. काय म्हणणं आहे?"

"माजा काय म्हनना? बेस केला. भूकंप झाला ता तुमीच लिवलाय. मंग भिंत आतून खिळखिळी झालीच असंल. आता दुरुस्ती कसली? उद्या पडली तर पाप कुनाच्या डोक्यावर? इंजिनिअर आला का त्याला मी योच फोटो दाखवनार. भूकंपाची बिल्डिंग हाय, सहाच्या सहा खोल्या खाली करा."

आणि जिना उतरून गेला. शिट्टी वाजवत.

माझी जी तळपायाची आग मस्तकात गेली! पत्रामागून पत्र लिहून या माणसाला मी कोपऱ्यात रेटत आणला होता, आणि सुटायची वाट मीच त्याला सहा बाय चारची रंगीत छापून दिली. सहा कुटुंबांची घरं त्या फ्लेक्सवर टांगली होती. मामाने तीस वर्षं त्या खोलीत काढलेली. बायको तिथेच गेली, मुलगा भाविक तिथेच जन्मला.

संध्याकाळी मी मामाच्या खोलीत जाऊन बसले. रुचिकाने फोनवर भूकंपाची सरकारी नोंद शोधून काढली होती.

"तुळजाताई, बाबा किती वाजता ओरडले?"

"चार वीस."

"भूकंप झालाय एक पन्नासला." तिने चष्मा वर सरकवला. "नव्वद किलोमीटर यायला लाटेला अर्धं मिनिट पुरतं. ही अडीच तास कुठे होती? कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली?"

मामाने भेगेतलं पेन काढलं, परत ठेवलं.

"आणि इतक्या लांबचा तीनचा धक्का, खाली चोवीस लूम चालू असताना कुणाच्याच पायाला कळणार नाही."

"कुनाच्या न्हाय. माज्या कळंल."

"बरं. मग मंगळवारी होतात तसे बसा. काय करत होतात?"

"गेम. त्या दिसापास्नं उघडला न्हाय, सवड कुठं हाय?"

मामा खाटेवर बसला. गुडघा आखडतो म्हणून पाय लांब करून समोरच्या पत्र्याच्या पेटीवर टेकले. फोन पायांच्या मध्ये, त्याच पेटीवर उभा केला. वाकून बोटाने खेळायला लागला. गेंडा आला. मामाने भूकंप दाबला. गेंड्याने पाय आपटला, जमीन फाटली आणि रिकामी पेटी कोपऱ्या-कोपऱ्यातून थरथरली. ड्रर्रर्र. पेटीवरची कडी वाजली.

रुचिकाने फोन हातात घेऊन बघितला. भाविक रात्रपाळी करून दुपारी झोपतो. मंगळवारी सकाळी त्याने बापाच्या गेमचा आवाज बंद करून टाकला होता, आणि आवाज बंद झाला की तो फोन डाव टाकताना थरथरायचा. हादरा चोवीसातल्या एकाही लूमचा नव्हता, हे पायांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. तो पंचविसावा होता.

मी तोंडात पदर कोंबला. मामाने दोन्ही पाय पेटीवरून उचलून मांडीखाली घेतले.

"ह्या खोलीच्या भायेर जानार न्हाय," तो म्हणाला.

"बाबा, पाहणीला विचारतील."

"मी बोलनार न्हाय."

"मग सामान बांधायला घेऊ?"

"सूनबाय, चाळीस वर्षं मना लोकं चिंध्या बोलली. ए चिंध्या, पाना आन. चिंध्या, बोल्ट कस. चार दिस झालं, चिंधूशास्त्री बोलतान. पाड्यात नारळ आनलाय."

खरं सांगते, मी त्याला तिथल्या तिथे झापायला हवं होतं, पण माझी जीभ उचलली नाही. त्या फ्लेक्सवर माझाही फोटो होता, आणि मोठा होता.

पाहणीच्या दिवशी इंजिनिअर आला. धनेश नावाचा तरणा पोरगा, चकचकीत बूट, हातात पॅड. मामाच्या खोलीत सहाही कुटुंबं दाटीने उभी. भाविक जिन्याच्या तोंडाशी. शेठने फ्लेक्सचा फोटो इंजिनिअरच्या नाकासमोर धरला.

"साहेब, मी सांगत न्हाय, तेच सांगतान."

इंजिनिअरने भेगेत बोट घातलं, मग मामाकडे वळला. "काका, भूकंप तुम्हाला जाणवला होता?"

मामा पेटीची कडी चाळवत बसला. मी रुचिकाकडे बघितलं, रुचिका भिंतीकडे बघत होती. सासऱ्याच्या तोंडून येईल तेच खरं, ती मधे बोलणार नव्हती.

शेठने गप्प राहायला हवं होतं. राहिला नाही. त्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, यांच्या पायाला अख्खी भिवंडी मानते. आनि लूमचा दोष तर असूच शकत न्हाय. सातवा लूम मामांनी सोताच्या हातानं बसवलाय. यांच्या हातचा लूम हलंल काय? आज हाय तसाच त्यांनी बसवलेला हाय."

मामाने तो हात खांद्यावरून झटकला.

"आज हाय तसा? मी बसवला तवा त्याच्यावर भरलेला पेला ठेवलता! पानी हललं नव्हतं! तीन वर्षं बोंबलतंय, पाचर सरकली, पाचर सरकली. आनि ह्यो लंगडा लूम माज्या हातचा म्हनून सायबाला दाखवतंस?"

"पण काका, भूकंप?" इंजिनिअरने विचारलं.

मामाने एकदा सगळ्यांकडे बघितलं. नाक शिंकरलं.

"भूकंप ह्या पेटीत झाला," तो म्हणाला, आणि खाटेवर बसून, पाय पेटीवर ठेवून, सर्वांदेखत त्याने भूकंप करून दाखवला.

ड्रर्रर्र.

गुणाबाई हसायला लागली ती थांबेना. इंजिनिअर मात्र वाकून स्क्रीन बघत होता. "काका, गेंडा तिसाव्या पातळीवर नेलात? फक्त भूकंपावर?"

"हां."

"जोडीदार मरत असेल ना?"

"रोज," मागून रुचिका म्हणाली.

"साहेब, तुमी पाहनीला आलंव का खेलायला?" शेठ करवादला.

इंजिनिअर सरळ उभा राहिला. "भूकंपाचं झालं. पण भेग लूमनेच पडली, हे मी कशावरून लिहू?"

"बूट काढा, साहेब," मामा म्हणाला.

"काय?"

"बूट. मोजंबी. आनि एक हात भेगंवर ठेवा."

इंजिनिअरच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तेही बाहेर आलं. मामाने भाविकला हाक मारली, भाविकने खाली जॉबरला. एक-एक लूम बंद करायचा, परत चालू करायचा, मग पुढचा. पहिला बंद. फरशीची थरथर तशीच, भेगेतून चुन्याची बारीक पूड गळत होती तशीच. दुसरा, तिसरा, तेच. सहावा, तेच. शेठने घड्याळ बघितलं.

"आता सातवा," मामा म्हणाला.

"सातवाऽऽ!" भाविक ओरडला.

तेवीस लूम खाली धडधडत होते आणि आमची फरशी एकदम मऊ झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. पूड गळायची थांबली. इंजिनिअरने भेगेवरचा हात उचलून परत ठेवला. सातवा चालू करायला लावला. पूड गळायला लागली. परत बंद करायला लावला. परत थांबली. तिसऱ्यांदा त्याने मामाला न विचारता स्वतःच "सातवाऽऽ" म्हणून हाक दिली, आणि त्याचा चेहरा असा खुलला की जणू लूमचा शोध त्यानेच लावला.

तिथेच, अनवाणी उभं राहून त्याने लिहिलं. भूकंपाचा संबंध नाही. खोल्या रिकाम्या करायचं कारण नाही. सात नंबरचा लूम पाया नव्याने भरेपर्यंत बंद, आणि भिंत मालकाने दुरुस्त करून द्यायची. मी ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. 'विनंती' हा शब्द कुठेच नव्हता.

मामाला किंमत चुकती करावी लागली ती दुसरीकडे. दोन दिवस तो जिना उतरला नाही. उतरला तेव्हा चहाच्या टपरीवरून आवाज आलाच, "चाचा, आज कितने का झटका?" मामाने मान वर केली. "तीनचा. तुज्या कानाखाली दिला तर चारचा. बत्तीस पट लागंल." मी तिथेच होते. मोजपट्टी पटली वाटतं.

नामाला फोन त्याने स्वतः केला. सगळं सांगितलं. पलीकडून नामा म्हणाला, "मंग दादा, नारळाचं काय करू?" मामा म्हणाला, "फोडून खा." फ्लेक्स मी स्वतःच्या हाताने उतरवला, कुणाला उतरवू दिला नाही. तो आता गुणाबाईच्या पत्र्यावर गळतीसाठी पसरलाय. माझा फोटो आभाळाकडे.

एका शुक्रवारी लूमची सुट्टी बघून सातव्याचा पाया भरला. पुढच्या शुक्रवारी, सिमेंट पक्कं झाल्यावर, बोल्ट आवळायचे होते. मामा उलट्या क्रेटवर अनवाणी बसला होता. नव्या जॉबरच्या हातात पाना. लूम समतल आहे का ते बघायची पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, कुणी धरायची यावर मामा अडून बसला. "मालक धरंल."

पांढरा शर्ट घातलेला केसरीनाथ शेठ लूमशेजारी गुडघ्यांवर बसला.

"शेठ, हात हलतंय."

"मामा, धा मिनटं झाली रे!"

"बुडबुडा अजून मदी न्हाय. श्वास धरा."

शेठने श्वास धरला. जॉबरने बोल्ट आवळला. बुडबुडा मधे येऊन बसला. मामा क्रेटवरून उठला, नव्या सिमेंटवर पाय ठेवला, डोळे मिटले. आता तो निकाल सांगणार म्हणून आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने डोळे उघडले आणि जिन्याकडे बघून हाक मारली.

"सूनबाय! भेगंच्या बाजूला वाटीत पानी ठेव. सातवा एकटाच चालू करतंय. पानी काय बोलतंय ता आधी सांग, मंग मी सांगीन."

सुट्टीच्या गल्लीत एकटा सातवा धडधडायला लागला. वरून रुचिकाचा आवाज आला, "हलत नाही, बाबा!"

"नीट बघ! चष्मा लाव!"

"लावलाय! अजिबात हलत नाही!"

शेठ उठायला लागला तसा मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, शेठ. आनखी येक डाव बघू."